थँक्सगिव्हिंगसाठी रताळ्याचं कॅसरोल: साखर-लोणी कमी करायचं, पण चव जाऊ द्यायची नाही

शेवगा_शेंग

यंदा थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे १२ जण आहेत. टर्की ओव्हनमध्ये असेलच, बाकीच्या साइड डिशेसमध्ये रताळ्याचं कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजून त्याच भांड्यातून वाढायचा पदार्थ) हवंच असा आग्रह आहे. नेहमीची कृती साधारण अशी: ३ पौंड रताळी, गरात १ कप साखर, १ स्टिक (अर्धा कप) लोणी, २ अंडी, अर्धा कप दूध. वरच्या थरात पुन्हा १ कप ब्राउन शुगर, १/३ कप लोणी, १/३ कप मैदा, १ कप पेकान (अक्रोडासारखा सुका मेवा). एवढं सगळं घालून ते टर्कीशेजारी भाजी म्हणून वाढायचं, हे काही पटत नाही.

नुसती साखर आणि लोणी निम्मं केलं, तर गर सपक आणि पाणचट होतो, वरचा थर कोरड्या भुशासारखा सुटतो. तेव्हा विचारायचं असं की:

कपात नेमकी कुठे करायची? रताळी उकडायची की भाजायची? जेवणाऱ्यांत दोघं अंडं खात नाहीत आणि एका काकांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी वेगळं करावं लागेल का? ओव्हन एकच आहे, त्यामुळे आदल्या दिवशी, बुधवारी, किती काम उरकता येईल?

---

खमंग

कपात गरात करा, वरच्या थरात फार नको. गरात मिसळलेलं लोणी जिभेला वेगळं कळतच नाही, ते नुसतं मुरून जातं. वरच्या थरातलं लोणी मात्र दाताखाली कुरकुरीतपणा म्हणून जाणवतं. तिथे हात आखडला की लगेच कळतं, आणि तुमचा भुसा झाला तो त्यामुळेच.

दुसरी गोष्ट, गरातली साखर काढायची तर गोडी रताळ्यातूनच आली पाहिजे, म्हणजे ती सालासकट अख्खी भाजायची. रताळ्यात एक एन्झाइम असतं, ते साधारण १३५ ते १७० अंश फॅरनहाइटच्या दरम्यान स्टार्चचं माल्टोज (एक प्रकारची साखर) करतं. रताळं या टप्प्यातून जितकं सावकाश जाईल तितकं गोड होतं. म्हणून ओव्हन आधी तापवू नका. थंड ओव्हनमध्ये रताळी ठेवा आणि मग ४०० वर लावा. मायक्रोवेव्हमध्ये हा टप्पा काही मिनिटांत ओलांडला जातो, म्हणून तिथलं रताळं शिजतं पण गोड होत नाही.

पाणचटपणाचं कारणही इथेच आहे. सोलून, फोडी करून पाण्यात उकडलं की साखर पाण्यात उतरते आणि पाणी गरात शिरतं. मग गोडीसाठी साखर घाला, चवीसाठी लोणी घाला, असा गाडा सुरू होतो.

१२ जणांसाठी माझं प्रमाण:

गरासाठी ३ पौंड केशरी रताळी (मध्यम आकाराची, प्रत्येकी १० ते १२ औंस, एकसारखी घ्या), २ टेबलस्पून लोणी, १/३ कप दूध, २ अंडी, १ टेबलस्पून मेपल सिरप, २ टेबलस्पून संत्र्याचा रस, १ टीस्पून संत्र्याची किसलेली साल, पाऊण टीस्पून मीठ, १ टीस्पून दालचिनी पूड, पाव टीस्पून सुंठ, चिमूटभर जायफळ.

वरच्या थरासाठी अर्धा कप जाडे ओट्स, अर्धा कप पेकानचे तुकडे, २ टेबलस्पून मैदा किंवा कणीक, २ टेबलस्पून ब्राउन शुगर, दीड टेबलस्पून लोणी, दोन चिमटी मीठ.

रताळी धुऊन पुसा, काट्याने ४-५ ठिकाणी टोचा. ट्रेला फॉइल लावायला विसरू नका, कारण पाक गळून करपतो आणि तो ट्रे घासणं म्हणजे शिक्षा. थंड ओव्हनपासून धरून सव्वा ते दीड तास लागतो. सुरी लोण्यात जावी तशी गेली पाहिजे आणि साल गरापासून सुटलेली दिसली पाहिजे. मध्ये थोडं जरी कडक लागलं तरी आणखी १५ मिनिटं ठेवा. अर्धवट भाजलेल्या रताळ्याचा गर कितीही घोटला तरी कणीदारच राहतो.

बाहेर काढल्यावर लगेच उभी चीर देऊन वाफ जाऊ द्या. १० मिनिटांनी साल हातानेच निघते. साधारण ४ कप गर मिळेल.

घरात पुरणयंत्र असेल तर गर त्यातून काढा, सगळे दोरे वर राहतात. नसेल तर हँड मिक्सरने फेटा. दोरे पात्यांना गुंडाळले जातात, मधूनमधून थांबून ते पुसून काढायचे. गर गरम असतानाच लोणी आणि मीठ घाला. मग दूध, रस, मसाले. चव बघा, आणि अंडी सगळ्यात शेवटी, गर कोमट झाल्यावर. कढत गरात अंडं घातलं की त्याच्या गुठळ्या होतात.

दूध एकदम ओतू नका. आधी निम्मं घाला. गर चमच्यावरून ढिगासारखा पडला पाहिजे, ओघळायला नको.

वरच्या थराचं लोणी थंड घ्या आणि बोटांनी चोळून ओट्स-मैद्यात मिसळा, मूठ दाबली की गोळा व्हावा आणि सोडला की तुटावा. सगळं एवढं कमी असताना पूर्ण भांडं झाकायचा हट्ट नको. कडेने दोन इंचाचा पट्टा जाड पसरा, मधला भाग उघडा ठेवा. पातळ थर सगळीकडे पसरला तर तो खालच्या ओलाव्याने मऊ पडतो.

२ क्वार्टचं भांडं (८ x ८ किंवा ११ x ७ इंच) घ्या. ९ x १३ मध्ये हाच गर पातळ पसरतो आणि वाळतो. ३५० वर ३० ते ३५ मिनिटं. कडा जराशा फुगलेल्या दिसतील, मध्यभागी थर्मामीटर १६० दाखवेल. अंडं आहे म्हणून १६० हवंच.

ढोबळ हिशेब: तुमच्या मूळ कृतीत १२ वाटे केले तर एका वाट्याला सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी पडतात. वरच्या प्रमाणात १८० च्या आसपास.

---

शेवगा_शेंग

कडेने पट्टा लावायची कल्पना पटली. पण मीठ पाऊण टीस्पून? गोड पदार्थाला जास्त नाही का होत?

---

खमंग

लोणी बिनमिठाचं असेल तर नाही. ४ कप गर आहे हे लक्षात घ्या. साखर कमी केली की मीठ आणि आंबटपणा यांच्यावरच चव उभी राहते. गर सपक लागला की हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो, तसं करू नका; आधी चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा रस घालून पुन्हा चव बघा. दहात नऊ वेळा तेवढं पुरतं. लोणी खारं असेल तर अर्ध्या टीस्पूनपासून सुरुवात करा.

---

पाणीपातळी

खमंग यांची कृती चांगली आहे, पण मधुमेहाच्या काकांचा मुद्दा त्यात राहून गेला. सावकाश भाजून स्टार्चचं माल्टोज केलं की वरून घालायची साखर वाचते हे खरं, पण ते माल्टोजही साखरच आहे. उकडलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती वेगाने वाढते त्याचं माप) भाजलेल्यापेक्षा कमी असतो. तेव्हा ‘साखर घातली नाही, आता हवं तेवढं खा’ असं कुणी काकांना सांगू नये.

आकडेच बघायचे तर खमंग यांच्या एका वाट्यात साधारण २५ ग्रॅम कार्बोहायड्रेट्स येतात. मूळ कृतीत ५५ ग्रॅमच्या वर. म्हणजे निम्म्याहून कमी, पण शून्य नाही. काकांनी लहान वाटा घ्यावा आणि त्या जेवणात स्टफिंग, डिनर रोल किंवा मॅश्ड पोटॅटो यांतलं एखादं सोडावं, हा साधा व्यवहार. त्यांच्या औषधाचं गणित त्यांना माहीत असतं, त्यांना फक्त वाट्यात किती कार्ब्ज आहेत ते सांगा.

साखरेऐवजी वापरतात त्या एरिथ्रिटॉल, अॅल्युलोज अशा पर्यायांबद्दल: वरच्या थरात एरिथ्रिटॉल घालू नका. ते तांबूस होत नाही, थंड झालं की खडीसारखं दाताखाली येतं आणि तोंडात पेपरमिंटसारखा गारवा सोडतं. अॅल्युलोज चालतं, पण ते साखरेपेक्षा लवकर लाल होतं. तो थर शेवटच्या १५ मिनिटांतच घाला, नाहीतर खाली गर गरम व्हायच्या आत वर काळं पडेल. मुळात २ टेबलस्पून ब्राउन शुगर १२ जणांत वाटली तर वाट्याला अर्धा टीस्पून येते. एवढ्यासाठी पर्याय शोधणं मला अनावश्यक वाटतं.

आणि उकडायचंच असेल तर पाण्यात बुडवून नको. इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या प्रेशर कुकरमध्ये) जाळीवर अख्खी, सालासकट, खाली १ कप पाणी, ८ औंसाच्या रताळ्यांना हाय प्रेशरवर १५ ते १८ मिनिटं, मग १० मिनिटं आपोआप वाफ जाऊ द्या. सोलल्यावर गर पसरट कढईत मध्यम आचेवर ५-६ मिनिटं परता. उलथन्याने तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहिली पाहिजे. ती लगेच भरून येत असेल तर पाणी अजून आहे. ही परतणी टाळली तर ओव्हनमध्ये कडेला पाणी सुटणार.

---

कोनफळ

दुकानातल्या पाट्यांबद्दल सांगायचं राहिलं. अमेरिकेत केशरी गराच्या रताळ्यावर बरेचदा ‘याम’ असं लिहिलेलं असतं. खरं याम म्हणजे आपलं कोनफळ ज्या कुळातलं, ते. इथल्या नियमानुसार लेबलवर ‘याम’ लिहिलं तर सोबत ‘स्वीट पोटॅटो’ही लिहावं लागतं, तेव्हा बारीक अक्षरं वाचा. कॅसरोलसाठी ब्यूरगार्ड, कॉव्हिंग्टन, गार्नेट, ज्वेल यांपैकी काहीही चालेल. सगळी केशरी, ओलसर, गोड.

उपासाला आणतो तसलं पांढऱ्या गराचं रताळं, किंवा इथे मिळणारं जांभळ्या सालीचं जपानी रताळं घेतलंत तर मात्र गणित बदलतं. ते कोरडं आणि पिठूळ असतं. दूध १/३ कपाऐवजी पाऊण कपापर्यंत लागतं, आणि फूड प्रोसेसरमध्ये फिरवलं तर स्टार्च सुटून खळीसारखं चिकट होतं. हातानेच कुस्करायचं. रंगही फिकट येतो, टेबलावर मॅश्ड पोटॅटोशेजारी ओळखू येत नाही. या पदार्थासाठी केशरीच बरं.

डब्यातलं घेणार असाल तर ‘कँडीड’ किंवा ‘इन सिरप’ लिहिलेले डबे टाळा. निथळून घेतलं तरी पाक आत मुरलेला असतो, मग कमी साखरेला अर्थ राहत नाही. नुसती प्युरी मिळते, तिच्या घटकांत रताळ्याशिवाय काही नको. १५ औंसाच्या डब्यात पावणेदोन कप गर निघतो. ती पातळ असते, म्हणून पाणीपातळी यांनी सांगितली तशी परतून घ्यावीच लागते.

ताजी रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने आतला गाभा कडक पडतो आणि शिजवल्यावरही तसाच राहतो. काळोख्या, हवेशीर, गार जागी आठवडाभर सहज टिकतात.

---

तुळशीवृंदावन

अंड्याबद्दल. दोघांसाठी वेगळं भांडं कशाला, सगळंच बिनअंड्याचं करा. अंड्याचं काम इथे गर बांधून ठेवणं आणि थोडा हलकेपणा देणं एवढंच आहे. गर नीट सुकवलेला असेल तर तो स्वतःच उभा राहतो.

तरी वडीसारखा नाही पण चमच्याने नीट उचलता येईल इतपत घट्टपणा हवा असेल, तर १ टेबलस्पून कॉर्नस्टार्च १/३ कप थंड दुधात कालवा आणि गॅसवर ढवळत उकळी आणून घट्ट करा. मग गरात मिसळा. बरेच जण कॉर्नस्टार्च कच्चंच गरात घालतात आणि मग ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणतात. होणार कसा? कॉर्नस्टार्च घट्ट व्हायला जवळजवळ उकळीएवढी उष्णता लागते, आणि कॅसरोलचा मधला भाग तिथवर पोचतच नाही. शिवाय पिठाची कच्ची चव राहते ती वेगळीच.

सोबत २ टेबलस्पून चक्का किंवा ग्रीक योगर्ट घाला. लोणी कमी केल्यावर जो गुळगुळीतपणा जातो तो यातून परत मिळतो, आंबटपणाही येतो. चक्का घातला तर संत्र्याचा रस १ टेबलस्पूनवर आणा. अंडं नसल्यामुळे १६० चा प्रश्न उरत नाही, नुसतं मधोमध कढत झालं की काढा.

आता मार्शमेलो, म्हणजे या कॅसरोलवर बरेच जण पसरतात त्या मऊ, फुगीर गोड वड्या. त्यात जिलेटिन असतं, बहुधा डुकराचं किंवा गाईचं, त्यामुळे शाकाहारी माणसांना ते चालत नाही हे आधीच ध्यानात घ्या. ‘फक्त साखरच तर आहे’ असं समजून वाढणारे खूप. डँडीजसारखे बिनजिलेटिनचे मिळतात, पण ते पसरून वितळत नाहीत, जागच्या जागी मऊ होतात. ते लावायचेच तर शेवटच्या ४-५ मिनिटांत आणि ओव्हनसमोरून न हलता. ब्रॉयलरखाली (ओव्हनच्या वरच्या थेट आचेखाली) सोनेरी आणि कोळसा यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं.

रताळ्यावर मार्शमेलो हवेच, ही काही फार प्राचीन परंपरा नाही. १९१७ साली एका मार्शमेलो कंपनीने आपला माल खपावा म्हणून पाककृतींची पुस्तिका काढली, तिथून ही जोडी रुळली. नाही घातले तर कुणाचा धर्म बुडत नाही.

---

शेवगा_शेंग

बिनअंड्याचंच करते मग. आता वेळेचं सांगा कुणीतरी. टर्की ३२५ वर असणार, दुपारी ३ ला जेवण. आणि भांडं काचेचं आहे.

---

घड्याळजी

मंगळवारी किंवा बुधवारी रताळी भाजून गर करून ठेवा, दूध-मसाले सगळं घालून. भांड्यात भरा, वर प्लास्टिकचा कागद थेट गराला चिकटवून लावा, म्हणजे साय धरत नाही. वरचा थर वेगळ्या डब्यात, फ्रिजमध्येच. एकत्र करून ठेवलात तर रात्रभरात ओट्स पाणी पितात आणि दुसऱ्या दिवशी लापशी होते. फ्रिजमधल्या गराला कडेने थोडं पाणी सुटलेलं दिसलं तर टिपकागदाने टिपून घ्या, ढवळून परत आत घालू नका.

गुरुवारी टर्की साधारण २ ला बाहेर काढायची असं धरा. कापण्याआधी तिला ३० ते ४० मिनिटं मुरू द्यावं लागतंच, तेवढ्यात ओव्हन तुमचा. २ वाजता ३५०.

पण काचेचं भांडं फ्रिजमधून काढून सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचं नाही. तडकतं, कधीकधी अक्षरशः फुटतं, आणि मग ओव्हनमध्ये रताळी आणि काचा एकत्र. दीडला बाहेर काढून ओट्यावर लाकडी पाटावर ठेवा. तरीही मधला भाग थंडच असणार, म्हणून आधी २० मिनिटं फॉइल झाकून, मग फॉइल काढून वरचा थर पसरा आणि आणखी २० ते २५ मिनिटं उघडं. थंड गराला एकूण ४०-४५ मिनिटं धरा. २:४५ ला बाहेर, १० मिनिटं मुरायला ठेवलं की ३ ला टेबलावर.

याहून बरं म्हणजे, गर भांड्यात भरण्याआधी पातेल्यात मंद आचेवर कोमट करून घ्या. तुमचं बिनअंड्याचं आहे, त्यामुळे गुठळ्यांची भीती नाही. काचेचं भांडं मग फ्रिजमध्ये जातच नाही, आणि ओव्हनमध्ये २५ मिनिटं पुरतात.

टर्कीसोबतच आत ठेवायचं असेल तर ३२५ वर १० ते १५ मिनिटं जास्त लागतात. खालच्या कप्प्यात ठेवाल तर वरचा थर लाल होत नाही, टर्कीच्या वाफेने ओला पडतो. मी ते टाळेन.

वरचा थर मऊच राहिला तर ब्रॉयलरच्या नादी लागण्याआधी एक सोपा उपाय आहे. ओट्स-पेकानचा चुरा वेगळ्या ट्रेवर ३५० ला १० ते १२ मिनिटं भाजून घ्या, दोनदा हलवा, आणि वाढायच्या वेळी वरून टाका. हे बुधवारीही करून ठेवता येतं. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात. मग गुरुवारी ओव्हनचं काम नुसतं गर गरम करण्यापुरतं उरतं, आणि ते झाकलेल्या भांड्यात मायक्रोवेव्हमध्येही होतं.

---

खमंग

घड्याळजींच्या या शेवटच्या युक्तीला दुजोरा. फक्त चुरा आधी भाजणार असाल तर पेकान जरा मोठे तुकडे ठेवा, अगदी बारीक असले की ओट्सआधी करपतात आणि कडवट लागतात.

---

शेवगा_शेंग

उरलं तर किती दिवस चालेल? आणि ३ पौंडांऐवजी ५ पौंडांचं केलं तर सगळं त्याच प्रमाणात वाढवायचं का?

---

कोनफळ

जेवण संपल्यावर टेबलावर दोन तासांहून जास्त राहू देऊ नका. फ्रिजमध्ये ३-४ दिवस. पुन्हा गरम करताना १६५ पर्यंत न्या. चुरा मऊ पडलेला असेल, त्याचं काही करता येत नाही. उरलेल्या गरात कणीक मळून गोड पुऱ्या किंवा घाऱ्यांसारखं काही करता येईल, फक्त मीठ आणि संत्र्याची साल आधीच आहे हे धरून चाला.

५ पौंडांना ९ x १३ चं भांडं घ्या. दूध आणि लोणी दीडपट करून बघा, पावणेदोनपट लगेच नको. गर किती ओला आहे त्यावर ठरवा. मीठ सव्वा टीस्पून. जायफळ तेवढंच राहू द्या, ते वाढवलं की बाकी सगळ्यावर चढतं. वरचा थर दुप्पट करायची गरज नाही, कडेचा पट्टा दीडपटीत होतो. आणि भाजताना रताळी दोन ट्रेंवर सुटी सुटी ठेवा. एकमेकांना चिकटून ठेवली तर मधली वाफेवर शिजतात, तळाचा पाक सुटत नाही, आणि वेळही २० मिनिटांनी वाढतो.